दोन शिलालेख, दोन खाती

वाचकहो, गांधी चौकातून आपण रोज जाता-येता. हातात भाजीची पिशवी असताना जामा मशिदीत शिरून तिथली भिंत वाचावी, असे सहसा कुणाच्या मनात येत नाही. माझ्याही पन्नाशीपर्यंत आले नव्हते. आत अरबी लेखाच्या जोडीला चक्क संस्कृत लेख आहे. फारुकी सुलतान आदिलशहा, म्हणजे राजा अली खान, याने ही मशीद बांधली. संस्कृत लेखात सृष्टिकर्त्याला वंदन आहे, घराण्याची वंशावळ आहे, आणि विक्रम संवत १६४६, शके १५११ अशी पंचांगाप्रमाणे मिती आहे. अरबी जाणणाऱ्यांसाठी एक ओळख, पोथी-पंचांगवाल्यांसाठी दुसरी. माणूस एकच. पुढे १६०१ मध्ये असीरगड पडला आणि त्याच मशिदीत अकबराच्या विजयाचा फारसी लेख कोरला गेला. दुसऱ्याच्या भिंतीवर आपले नाव लिहिण्याची हौस फेसबुकच्या आधीची आहे ती अशी.

हे सांगायचे कारण माझी पुतणी. तिची इन्स्टाग्रामवर दोन खाती होती. एकावर रांगोळ्या, पर्युषणातले फोटो, आजीचा वाढदिवस. ते सगळे घर पाहत असे. दुसरे दहा-बारा मैत्रिणींपुरते. स्पर्धा परीक्षेत ती दुसऱ्यांदा नापास झाली, तेव्हा रडून सुजलेला चेहरा तिने तिथे टाकला होता. कसे ते सांगत नाही, पण मला ते दिसले. मी जेवणाच्या पाटावर सर्वांसमोर बोललो : 'खरी कोणती समजायची तुला?' तिने दोन्ही खाती त्याच रात्री बंद केली. माझ्याशी बोलणेही.

आता आपल्या दिवाणखान्यातल्या जुन्या तसबिरी आठवा. मागे रंगवलेला महाल, बाजूला स्टुडिओच्याच मालकीचा कठडा आणि फुलदाणी; आजोबांचा हात गुडघ्यावर असा की मनगटी घड्याळ दिसलेच पाहिजे. घड्याळ कित्येकदा उसने. स्थळाकडे पाठवायच्या मुलीच्या फोटोतले देवीचे व्रण फोटोग्राफर काचेवर पेन्सिल फिरवून पुसत असे. त्याला कुणी खोटेपणा म्हटले नाही. इन्स्टाग्राम २०१० साली आले. पेन्सिल तेवढी मुलांच्या हाती गेली, आणि आपण रागावलो.

उलट वागलेला एक माणूस आमच्या जैन समाजात होऊन गेला. बनारसीदास, जौनपूरचा व्यापाऱ्याचा मुलगा, जन्म १५८६. पोरवयात त्याने शृंगाराचे हजारभर छंद रचले, मित्रांत मिरवले. पुढे, विशीच्या आसपास, मन उलटले आणि ती पोथी गोमतीत टाकून दिली. पाने वाहून गेली ती गेलीच. आजच्या मुलांना एवढी सोय नाही; पुसलेले चित्र कुणाच्या तरी फोनमध्ये उरतेच. आणि कधी नदीच बंद होते. २९ जून २०२० ला सरकारने टिकटॉकवर बंदी घातली, तेव्हा आमच्या यंत्रमागांच्या वस्तीतली काही पोरे दवाखान्यात येऊन सुतक असल्यासारखी बसत. मी तेव्हा हसलो होतो.

पंचावन्नाव्या वर्षी, १६४१ साली, बनारसीदासाने 'अर्धकथानक' लिहिले. माणसाचे आयुष्य एकशे दहा धरून ही अर्धी कथा. त्यात बुडालेला धंदा आहे, आग्र्यात उधारीवर खाल्लेल्या कचोऱ्या आहेत, गेलेली नऊ मुले आहेत. सासरी अंगभर फोड उठले तेव्हा कुणी जवळ येईना, बायको आणि सासूनेच काय ती सेवा केली, हेही आहे. वैद्याच्या नजरेने मी ते पान पुन्हा पुन्हा वाचतो. शेवटी स्वतःच्या गुणदोषांची यादी. एकांतात आपण नाचतो, हेसुद्धा त्यात. पण ध्यानात घ्या, पंचावन्नाव्या वर्षी. विसाव्या वर्षी त्याच्याकडून कुणी हे मागितले नव्हते.

आमच्या शास्त्रात हानेमानने सांगून ठेवले आहे की रोगी बोलत असताना वैद्याने गप्प राहावे, मध्ये तोडू नये. सदतीस वर्षे मी परक्यांच्या बाबतीत हे पाळले. लोक पहिल्या दिवशी घरच्यांसमोर एक सांगतात, आणि दाराशी चप्पल घालताना दुसरे. दोन्ही मी केसपेपरवर लिहितो. कोणते खरे, असे कधी विचारले नाही. घरात मात्र पहिल्याच वाक्याला विचारून बसलो.

गेल्या संवत्सरीला सगळ्यांना एकच ठरावीक क्षमापनेचा संदेश पाठवला. तिला मात्र पोस्टकार्ड लिहिले, त्यात त्या रात्रीचा उल्लेख करून. उत्तर आले नाही. दिवाळीत घरी आली तेव्हा म्हणाली, 'काका, ती मशीद दाखवता?' आम्ही दोघे गेलो. संस्कृत लेखापुढे ती बराच वेळ उभी राहिली, मग फोन काढून दोन्ही लेखांचे फोटो घेतले. कुठल्या खात्यावर टाकणार, हे मी विचारले नाही.