चिठ्ठी आणि खिडकी यांच्या मध्ये कोण?

औषध कारखान्यात तयार होतं आणि रोगी खाटेवर असतो. मधला व्यवहार कोणी करायचा, आणि करणाऱ्यानं जाब कोणाला द्यायचा? आजच्या व्याख्यानात आपण एवढाच प्रश्न घेऊ.

अमेरिकेत १९६०च्या दशकाच्या अखेरीस विम्यातली औषधांची बिलं हाताळणाऱ्या कंपन्या निघाल्या. पुढे त्याच उत्पादकांशी किमतीचा सौदा करू लागल्या, यादीत कोणतं औषध घ्यायचं तेही ठरवू लागल्या. आज तिथले पाचातले सुमारे चार प्रिस्क्रिप्शनचे व्यवहार तीन कंपन्यांच्या हातून जातात. सौद्यात मिळालेली सूट रोग्यापर्यंत किती पोचते, यावर तिथं मोठा वाद आहे.

आपल्याकडे बहुतेक माणसं बाहेरचं औषध खिशातून घेतात. ज्यांचा खिसा रिकामा, ती सरकारी दवाखान्याची पायरी चढतात. म्हणजे गरिबासाठी हा मधला व्यवहार करणारा म्हणजे सरकारी खरेदीदार. त्याचा इतिहास पाहू.

तमिळनाडूनं १९९४ साली औषधखरेदीसाठी स्वतंत्र महामंडळ काढलं. खरेदी एका हाती, पण जिल्ह्याजिल्ह्यात गोदाम आणि प्रत्येक दवाखान्याला पासबुक. कोणतं औषध किती उचललं, किती रक्कम उरली, हे दवाखान्याला कळतं. घाऊक खरेदीनं भाव उतरले, आणि माल खिडकीपर्यंत गेला.

महाराष्ट्रानं २०१७ साली हे काम हाफकिन महामंडळाकडे दिलं. नाव मोठं. १८९९ साली परळला प्लेगच्या लशीसाठी उभ्या राहिलेल्या प्रयोगशाळेचा हा वारसा. पण लस बनवणं वेगळं आणि राज्यभरच्या दवाखान्यांना वेळेवर माल पुरवणं वेगळं. पुरवठ्याला उशीर होतो, अशा तक्रारी वाढल्या. शेवटी २०२३ साली कायदा करून वैद्यकीय वस्तूंच्या खरेदीसाठी वेगळं प्राधिकरण नेमलं गेलं.

त्याच वर्षी ऑक्टोबरच्या सुरुवातीला नांदेडच्या शंकरराव चव्हाण शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ रुग्ण दगावले. त्यात १२ नवजात बाळं होती. औषधांचा तुटवडा असल्याचा आरोप झाला, सरकारनं तो नाकारला. मुंबई उच्च न्यायालयानं आपणहून दखल घेतली. त्या मृत्यूंचा निवाडा आपण इथं करणार नाही. पण या रुग्णालयावर नांदेडच नव्हे, हिंगोली, परभणी आणि पलीकडच्या तेलंगणातलेही रोगी विसंबून असतात, हे विसरू नये. लातूरच्या शासकीय रुग्णालयाकडेही खेड्यापाड्यांतली माणसं याच आशेनं येतात.

आता हिशेब मांडून बघा. खरेदीदारानं एक गोळी स्वस्तात ठरवली, पण ती वेळेवर आली नाही. मग डॉक्टर चिठ्ठी लिहितात, "बाहेरून आणा." नातेवाईक गेटसमोरच्या मेडिकलमध्ये जातो आणि छापील किमतीला तीच गोळी घेतो. काटकसर सरकारच्या वहीत जमा होते. खर्च आईच्या पदराच्या गाठीतून जातो. अमेरिकेतली न पोचणारी सूट आणि आपल्याकडची न पोचणारी गोळी, दोन्हींत दोष एकच. मधल्यानं दुसऱ्याच्या वतीनं सौदा केला, पण ज्याच्यासाठी केला त्याला विचारायचा हक्क दिला नाही.

तत्त्वज्ञानात आपण साधन आणि साध्य वेगळं करायला शिकतो. स्वस्त निविदा हे साधन. म्हणून खरेदीदाराला निविदेचा दर विचारून थांबू नका. गेल्या महिन्यात किती रोग्यांच्या हातात "बाहेरून आणा"ची चिठ्ठी पडली, तेही विचारा. हा आकडा दर महिन्याला रुग्णालयाच्या दारावर लावायला फळा आणि खडू पुरे.