मॅटाडॉक
मॅटाडॉक ही मेंदूच्या गंभीर इजेनंतर प्रतिसाद देऊ न शकणाऱ्या रुग्णांमध्ये जाणीव शिल्लक आहे का, हे संगीताच्या साहाय्याने तपासणारी प्रमाणित चाचणी आहे. संगीतोपचारतज्ज्ञ वेंडी मॅगी व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती लंडनमधील रॉयल हॉस्पिटल फॉर न्यूरो-डिसॅबिलिटी येथे विकसित केली.

चाचणीची गरज याच रुग्णालयातील १९९६ च्या एका अभ्यासावरून लक्षात येते. ‘व्हेजिटेटिव्ह’ म्हणजे जागे पण जाणीवशून्य ठरवून पाठवलेल्या ४० रुग्णांपैकी १७ जणांचे निदान चुकीचे आढळले. यांपैकी बहुतेक जण अंध होते किंवा त्यांची दृष्टी अतिशय क्षीण होती. साहजिकच, वस्तूकडे नजर वळते का हे पाहणारी कसोटी त्यांच्या बाबतीत निरुपयोगी होती. योग्य साधन मिळाल्यावर मात्र त्यांतील जवळजवळ सर्वांना स्वतःच्या आवडीनिवडी कळवता आल्या.

मॅटाडॉकमध्ये साधे ध्वनी, ओळखीची गाणी आणि तत्क्षणी रचलेले संगीत रुग्णासमोर प्रत्यक्ष सादर केले जाते व चार सत्रांतील प्रतिसाद १४ मुद्द्यांवर नोंदवले जातात. रुग्णाला कोणते गाणे जिव्हाळ्याचे होते, हे बहुधा कुटुंबीयच सांगू शकतात. तथापि गाणे ऐकून डोळ्यांत आलेले पाणी कुटुंबाला ओळखीची खूण वाटले, तरी ती केवळ प्रतिक्षिप्त क्रिया असू शकते. म्हणून प्रतिसाद पुन्हा पुन्हा, संगीताशी सुसंगतपणे दिसावा लागतो.