'कारण : गांजा' : एका रकान्याची गोष्ट

सन १८९२ मध्ये ब्रिटिश हिंदुस्थानातील वेड्यांच्या इस्पितळांत १,३४४ रुग्ण दाखल झाले. त्यांपैकी २२२ जणांच्या नावापुढे वेडाचे कारण म्हणून गांजा, भांग किंवा चरस यांची नोंद होती. म्हणजे साधारण सहात एक! अशा आकड्यांमुळे विलायतेत बंदीची मागणी होऊ लागली. पार्लमेंटचे सदस्य विल्यम केन यांनी १८९३ मध्ये प्रश्न विचारला आणि सरकारने सात जणांचा आयोग नेमला. मॅकवर्थ यंग अध्यक्ष होते; तीन सदस्य हिंदी होते.

हा विषय आपल्या इंदूरकरांना परका नव्हता. गांजाची शेती बंगालात नौगावला, मुंबई इलाख्यात अहमदनगरकडे आणि आपल्या शेजारच्या निमाडात खंडव्याला होत असे.

आयोगाने १,१९३ साक्षी नोंदवल्या आणि त्या २२२ रुग्णांची एकेक करून चौकशी केली. तेव्हा कळले की वेडाचे कारण बहुधा डॉक्टरने शोधलेलेच नव्हते. पोलिसांनी माणूस मॅजिस्ट्रेटपुढे आणला की सोबतच्या कागदात 'कारण' हा रकाना भरावा लागे. तो गांजा ओढतो असे कोणी सांगितले, की तेच लिहून मोकळे. इस्पितळात तीच नोंद उतरे आणि वर्षअखेरीस तिचा आकडा होई. छाननीनंतर २२२ पैकी ९८ उरले. त्यांतही गांजा-भांग हे एकमेव कारण ६१ जणांतच मानता आले.

म्हणून गांजा निरुपद्रवी ठरला काय? नाही. अतिरेकाने वेड लागू शकते, विशेषतः मूळचा मनाचा कमकुवतपणा असेल तर, असे आयोगानेही म्हटले. पुढे स्वीडनमध्ये १९६९-७० साली सैन्यभरतीला आलेल्या ४५ हजारांवर तरुणांची माहिती पंधरा वर्षे तपासली गेली. पन्नासहून अधिक वेळा गांजा घेतलेल्यांत स्किझोफ्रेनियाचे प्रमाण सहापट आढळले. तरी त्यांतल्या बहुसंख्यांना तो आजार झाला नाही. शिवाय आजाराची चाहूल लागलेला माणूसच कधी कधी नशेकडे वळतो.

आज तो रकाना घरातच भरला जातो. मुलगा एकलकोंडा झाला, कानात आवाज येतात म्हणू लागला, की 'नाद लागलाय' म्हणून त्याला दटावले जाते, किंवा लोकलाजेस्तव सारेच झाकले जाते. दोन्हींत उपचाराचे पहिले, मोलाचे महिने वाया जातात. नशा सोडवायचीच, पण कारण ठरवण्याचे काम मानसोपचारतज्ज्ञावर सोपवावे, आणि तेही लवकर.