कॉफीच्या कपाभोवतीचा इलाज

युद्ध थांबलं की बातमी संपते. घरातलं युद्ध मात्र पुढे कित्येक वर्षं चालू राहतं.

१९९२ ते १९९५ बोस्नियात युद्ध झालं. एकट्या स्रेब्रेनित्सात जुलै १९९५ मध्ये आठ हजारांहून जास्त पुरुष आणि मुलगे मारले गेले. जीव वाचवून निघालेली हजारो कुटुंबं अमेरिकेत शिकागोला पोचली. राहायला घर, हाताला काम, पोरांना शाळा. कागदावर पुनर्वसन पूर्ण!

पण बाप रात्री दचकून उठायचा. आई गप्प. मुलं इंग्रजी शिकली, पण बापाला 'तिकडे काय झालं' हे विचारायची हिंमत नव्हती. मानसोपचाराची सोय होती, पण जाणार कोण? "आपण काय वेडे आहोत का?" चार लोक काय म्हणतील ही भीती आपल्यालाही काही नवी नाही.

मग इलिनॉय विद्यापीठाच्या शिकागो शाखेतले मनोविकारतज्ज्ञ स्टीवन वाइन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वेगळी वाट धरली. रुग्णाला एकट्याला बोलवायचं नाही, अख्ख्या कुटुंबाला बोलवायचं. अशी काही कुटुंबं एकत्र बसवायची, नऊ बैठका घ्यायच्या. बैठक चालवणारे डॉक्टर नव्हेत, तर प्रशिक्षण दिलेले बोस्नियन निर्वासितच. उपक्रमाच्या नावातच 'कॉफी' होती, कारण बोस्नियात मन मोकळं होतं ते कॉफीवर. पुढे कोसोव्होच्या निर्वासितांसाठी असाच उपक्रम झाला, तेव्हा नावात कॉफीऐवजी 'चहा' आला. एवढा बारीक विचार!

याचा उपयोग झाला का? युद्धाच्या आघाताचा त्रास असलेल्या १९७ बोस्नियन निर्वासितांवर झालेला अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. बैठकांना बोलावलेले लोक मानसोपचाराकडे जास्त वळले. घरात त्या आठवणींबद्दल बोलणं सोपं होणं, हे त्यामागचं एक कारण निघालं.

म्हणजे कॉफीने डॉक्टरची जागा घेतली नाही. तिने डॉक्टरचं दार उघडून दिलं. हा फरक महत्त्वाचा आहे, कारण 'त्यांचेच लोक त्यांना सांभाळतील' म्हणत हात झटकणं सरकारांना फार सोयीचं असतं. सोबत करणारा माणूसही त्याच आगीतून आलेला असतो. त्याला प्रशिक्षण हवं, मागे तज्ज्ञ हवा आणि कामाचा मोबदलाही हवा.

निर्वासितांना छप्पर देणं हे पहिलं काम. त्या छपराखाली पुन्हा बोलणं सुरू होणं, हे दुसरं. आपण पहिल्यावरच टाळ्या वाजवून मोकळे होतो.