वेल्सचं तट्टू : राजाला नको होतं, पोरांच्या कामाला आलं



आपल्याकडं 'भाड्याचं तट्टू' हा शब्द हिणवायला वापरतात. उंची कमी म्हणजे किंमत कमी, असा आपला समज. पण ब्रिटनच्या पश्चिमेला वेल्स नावाचा डोंगराळ मुलूख आहे, तिथल्या तट्टाची गोष्ट वेगळीच आहे. जनावर पाळणाऱ्यानं ती वाचावी अशी आहे.

सोळाव्या शतकात इंग्लंडचा राजा आठवा हेन्री याला लढाईसाठी उंच, वजनदार घोडे पाहिजे होते. १५३५ आणि १५४० साली त्यानं पैदाशीचे कायदे केले. ठराविक उंचीच्या खालचा नर गायरानात सोडायला बंदी आली. दरवर्षी गायरानं हाकून निकामी वाटतील ती जनावरं मारायची, असंही ठरलं. पण कायद्याचा हात डोंगरमाथ्यापर्यंत पोचत नाही. थंडी, सततचा पाऊस आणि निकस गवत यातून जे जगलं त्याचीच पैदास पुढं चालली. टणक खूर, बळकट पाय आणि थोडक्या चाऱ्यावर भागवायची सवय हे गुण निसर्गानं निवडून दिले.

पुढं १८४२ च्या कायद्यानं बायका, मुली आणि दहा वर्षांखालची मुलं यांना कोळशाच्या खाणीत उतरवायला बंदी झाली. त्यानंतर खाणीतल्या गाड्या ओढायला तट्टांचा वापर वाढला. ज्या लहान उंचीला राजानं नावं ठेवली, तीच बुटक्या बोगद्यात उपयोगी पडली.

१९०१ साली वेल्श पोनी अँड कॉब सोसायटी निघाली आणि १९०२ साली वंशावळीचं पहिलं पुस्तक छापलं. १९०८ च्या कायद्यानं गायरानातले हलके नर काढता येऊ लागले. १८९४ साली जन्मलेला डायोल स्टारलाइट नावाचा पांढुरका घोडा आजच्या डोंगरी तट्टाचा मूळपुरुष मानतात. नोंदणीचे चार विभाग आहेत. 'ए' म्हणजे मूळ डोंगरी तट्टू, उंची १२ हँडपर्यंत. 'बी' म्हणजे बसायचं जरा उंच तट्टू, १३.२ हँडपर्यंत. 'सी' तेवढ्याच उंचीचं पण भरीव अंगाचं, आणि 'डी' त्याहून उंच. एक हँड म्हणजे चार इंच, आणि १३.२ म्हणजे तेरा हँड दोन इंच.

आता प्रदर्शनाकडं येऊ. रॉयल वेल्श प्रदर्शन १९०४ पासून भरतं, १९६३ पासून त्याची कायमची जागा लानेलवेड इथं आहे. ब्रिटनमधल्या अशा प्रदर्शनांत लहान मुलांचे दोन वर्ग असतात. एकात मोठं माणूस दोर धरून चालतं आणि पोर वर बसतं. दुसऱ्यात पोर पहिल्यांदाच एकटं लगाम धरतं. दोन्हीत तट्टाची उंची १२२ सेंटिमीटरपर्यंत चालते. १२ हँड म्हणजे जवळपास तेवढंच! म्हणून 'ए' विभागाचं तट्टू इथं बरोबर बसतं.

मग निवडायचं कसं?

पहिला स्वभाव. लहान डोकं, मोठे डोळे, आत वळलेला चेहरा बघून माणूस भुलतो. पण चार-पाच वर्षांचं पोर वर बसणार आहे. गर्दीत, टाळ्यांच्या आवाजात, पुढचा घोडा निघून गेल्यावर ते शांत उभं राहतं का? हे एकदा बघून कळत नाही. दोनदा जावं, एकदा न सांगता जावं.

दुसरं, पाठीची रुंदी. डोंगरी तट्टाचं पोट गोल असतं. फार रुंद असेल तर पोराचे पाय फाकतात आणि तोल जातो.

तिसरं, खांदा तिरपा पाहिजे आणि खोगिराच्या पुढं मान भरपूर पाहिजे. गुडघे उंच उचलणारी चाल हातात धरून दाखवताना झोकदार दिसते, पण वर बसलेलं पोर आदळतं. लांब, सरळ, जमिनीलगतची चाल बरी.

चौथं, उंचीचा दाखला. कायमचा दाखला सात वर्षांनंतर मिळतो. चार वर्षांचं तट्टू आत्ताच हद्दीला टेकलेलं असेल तर पुढं वर्गाबाहेर जायचा धोका आहे.

पाचवं, खूर. निकस गवतावर घडलेलं हे जनावर कसदार कुरणात सोडलं की लठ्ठ होतं आणि खुराच्या आत सूज येते. त्याला लॅमिनायटिस म्हणतात. जास्त भरडा दिल्यावर आपल्या गाईंनाही हाच त्रास होतो. मानेवर चरबीचा कडक वळ दिसला किंवा खूर गरम लागले तर सौदा थांबवून डॉक्टरला दाखवावं.

इथं एक इशारा आहे. डोंगरानं टणक खूर दिले, प्रदर्शनानं सुंदर तोंडाला बक्षीस दिलं. नुसत्या तोंडावर पैदास चालली तर डोंगरानं शेकडो वर्षांत जे कमावलं ते थोड्या पिढ्यांत जाईल. आपल्या खिलारच्या बाबतीतही शिंगं आणि रंग बघताना पाय आणि काम विसरायला नको.

राजानं उंची मोजली आणि चुकला. पोराला बसवून सुखरूप खाली उतरवतं, ते तट्टू चांगलं. फीत मिळाली तर आनंदच आहे, पण ती नंतर.