बारा पुरे की बावीस हव्यात?

अमेरिकेत रेसिडेन्सीसाठी, म्हणजे डॉक्टरांच्या पदव्युत्तर प्रशिक्षणासाठी, अर्ज केलेल्या मराठी मुलांच्या घरांत ऑक्टोबर ते जानेवारी दोन मतं ऐकू येतात. पहिलं असं की मुलाखतीचं एकही बोलावणं नाकारू नये; बावीस आली तर बावीस द्यावीत, कुठली लागेल काय सांगावं. दुसरं असं की बारा झाल्या की गंगेत घोडं न्हालं, पुढच्या सगळ्या उगाच दमणूक. पहिलं मत बहुधा आईवडिलांचं असतं आणि दुसरं दोन वर्षांपूर्वी तिकडे पोहोचलेल्या सीनियरचं. माझ्या मते दोन्ही चूक आहेत. त्याहून वाईट म्हणजे ज्याला पहिलं ऐकायला हवं त्याच्या कानी दुसरं पडतं, आणि ज्याला दुसरं हवं तो पहिल्याच्या मागे लागतो.

हे मी लांबून बोलत नाही. फर्दापूरला अजिंठ्याच्या टी-पॉइंटपासून जवळच आमच्या ओळखीतलं एक घर आहे. वडिलांचं पर्यटकांना दगड-स्फटिक विकण्याचं दुकान, मुलगा संभाजीनगरला घाटीतून, म्हणजे तिथल्या सरकारी मेडिकल कॉलेजातून, एमबीबीएस झालेला. त्याच्या खोलीत भिंतीवर एक तक्ता होता: डावीकडे तिकडची वेळ, उजवीकडे आपली. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, म्हणून उजवीकडची अर्धी वेळापत्रकं लाल पेनाने दुरुस्त केलेली. न्यूयॉर्कच्या सकाळी नऊला आपले आधी साडेसहा वाजत होते, आता साडेसात. कॅलिफोर्नियाच्या आठला आधी रात्रीचे साडेआठ, आता साडेनऊ. मी आयुष्यभर संख्याशास्त्र शिकवलं म्हणून वडिलांनी मला बोलावलं. म्हणाले, “सर, हा म्हणतो आता पुढची दोन कॅन्सल करतो. आलेली लक्ष्मी कोणी परत पाठवतं का?”

पूर्वपक्ष आधी नीट मांडू, कारण तो अडाणीपणाचा नाही. अमेरिकेत १९५२ पासून रेसिडेन्सीच्या जागा ‘मॅच’ने भरतात. उमेदवार मुलाखती देतो, मग आपल्या पसंतीच्या क्रमाने हॉस्पिटलांची यादी लावतो. हॉस्पिटलंही उमेदवारांची यादी लावतात. मार्चच्या तिसऱ्या शुक्रवारी निकाल. मुलाखत न घेता कुणी यादीत घेत नाही म्हटलं तरी चालेल. म्हणजे एक मुलाखत नाकारली की एक दार कायमचं बंद. अमेरिकेत शिकलेल्या एमडी विद्यार्थ्यांपैकी सुमारे ९३ टक्क्यांना जागा मिळते. बाहेरून शिकून आलेल्या, अमेरिकेचं नागरिकत्व नसलेल्या डॉक्टरांमध्ये हे प्रमाण २०२४ आणि २०२५ मध्ये सुमारे ५८ टक्के होतं. दहातले चार रिकाम्या हाताने परततात, तेही परीक्षांवर, अर्जांवर आणि तिकडच्या ऑब्झर्व्हरशिपवर लाखो रुपये खर्चून. अशा वेळी बापाने ‘एकही सोडू नको’ म्हणणं समजण्यासारखं आहे.

‘बारा पुरे’वाल्यांकडेही आधार आहे. मॅच चालवणारी संस्थाच आलेख प्रसिद्ध करते: यादीत किती हॉस्पिटलं लावली आणि जागा मिळण्याची शक्यता किती. अमेरिकी विद्यार्थ्यांच्या आलेखात बऱ्याच शाखांमध्ये दहा-बाराच्या आसपास रेघ नव्वद टक्क्यांच्या वर जाऊन जवळपास आडवी होते. सीनियर तो आलेख पाठवतो आणि खाली लिहितो, ‘भाई, आता झोप.’

इथे पहिली गफलत होते. तो आलेख बारा मुलाखती ‘दिलेल्यांचा’ आहे, आणि बारा ठिकाणांहून बोलावणं येणारा उमेदवार मुळातच तगडा असतो. त्याचं यश बारा या आकड्यामुळे आहे की ज्या गुणांमुळे बारा बोलावणी आली त्यांच्यामुळे, हे त्या रेघेवरून कळत नाही. शिवाय ती रेघ फिलाडेल्फियात शिकलेल्याची. घाटीत शिकलेल्याला, ज्याला व्हिसाही लागणार आहे, ती जशीच्या तशी लागू करणं म्हणजे पुण्याचं पाऊसमान बघून सोयगावला पेरणी करणं.

दुसरी गफलत जास्त खोल आहे. बहुतेक लोक मनात असा हिशेब करतात: एका मुलाखतीतून जागा मिळण्याची शक्यता पाचात एक धरू. मग बाराच्या बारा हुकण्याची शक्यता ०.८ चा बारावा घात, म्हणजे जेमतेम ७ टक्के. ९३ टक्के यश, विषय संपला. गणित बरोबर आहे, पण त्यात एक गृहीतक चोरून आलं आहे: प्रत्येक मुलाखत स्वतंत्र आहे, एका दारावर जे झालं त्याचा दुसऱ्याशी संबंध नाही. प्रत्यक्षात बाराही दारांवर माणूस तोच असतो. पदवीला सात वर्षं झाली असतील तर ती बाराही ठिकाणी सात वर्षंच असतात. ‘तुमच्याबद्दल सांगा’ म्हटल्यावर पाठ केलेलं भाषण सुरू होत असेल, तर ते बाराही वेळा तसंच सुरू होतं.

हे आकड्यांत मांडतो. आकडे माझे, निव्वळ समजावण्यासाठी. समजा उमेदवार दोन प्रकारचे आहेत, निम्मे-निम्मे. एकाला दर मुलाखतीमागे ३५ टक्के संधी, दुसऱ्याला ५ टक्के. सरासरी तीच, २० टक्के. बारा मुलाखतींनंतर पहिल्याला जागा मिळण्याची शक्यता ९९ टक्क्यांच्या वर, दुसऱ्याला ४६. दोघांची मिळून सुमारे ७३. म्हणजे ९३ टक्क्यांचा दिलासा मुळात कुणाचाच नव्हता. आता बाराच्या वीस करा. पहिल्याला व्यवहारात काहीच फरक पडत नाही. दुसरा ४६ वरून ६४ वर जातो.

‘बारा पुरे’ हे पहिल्यासाठी खरं आहे आणि दुसऱ्याचा घात करणारं आहे. ‘एकही सोडू नको’ हे दुसऱ्यासाठी खरं आहे आणि पहिल्यासाठी निरर्थक. दुर्दैव असं की दुसऱ्याला वीस बोलावणी येतच नाहीत. किती मुलाखती द्याव्यात हा प्रश्न ज्याला पडतो, त्याला बहुधा तो पडायचं कारण नसतं. ज्याच्याकडे चार आहेत त्याने चारही द्याव्यात. त्यावर लेख लिहायची गरज नाही.

सुशिक्षित घरांत आणखी एक युक्तिवाद हल्ली ऐकू येतो, त्याचाही निकाल लावू. कुठेतरी वाचलेलं असतं की निवडीच्या प्रश्नात पहिले ३७ टक्के नुसते पाहून सोडावेत आणि मग त्यांच्याहून सरस येईल तो पहिला घ्यावा. मार्टिन गार्डनर यांनी १९६० मध्ये तो प्रश्न लोकप्रिय केला आणि तेव्हापासून लग्नापासून फ्लॅटपर्यंत सगळीकडे तो लावला जातो. मॅचला तो लागू नाही. त्या कोड्यात समोर आलेल्याला तिथल्या तिथे हो किंवा नाही म्हणावं लागतं, नंतर मागे फिरता येत नाही. इथे सगळ्या मुलाखती संपल्यावर घरी बसून, शांतपणे, यादी लावायची असते.

‘एकही सोडू नको’वाल्यांचा खरा गोंधळ इथेच आहे: मुलाखत देणं आणि यादीत नाव लावणं या दोन वेगळ्या गोष्टी त्यांनी एक केल्या आहेत. यादी लांब केल्याने नुकसान होत नाही, हे सिद्ध झालेलं आहे. डेव्हिड गेल आणि लॉयड शॅप्ली यांनी १९६२ मध्ये जी पद्धत मांडली, तिच्याच जातीची पद्धत मॅचमध्ये आधीपासून चालू होती, हे पुढे अॅल्विन रॉथ यांच्या लक्षात आलं. रॉथ आणि इलियट पेरनसन यांनी ती उमेदवाराच्या बाजूने सुरू होईल अशी बदलली आणि १९९८ पासून ती वापरात आली. २०१२ चं अर्थशास्त्राचं नोबेल रॉथ आणि शॅप्ली यांना मिळालं ते याच विषयातल्या कामासाठी. संगणक तुमची पहिली पसंती आधी विचारतो; तिथे जागा नसली तरच दुसरीकडे वळतो. सोळावं नाव लिहिल्याने पहिल्या पंधरांपैकी एकाचीही शक्यता कमी होत नाही.

आपल्याकडे नीट-पीजीच्या चॉइस फिलिंगलाही हेच लागू होतं, आणि तिथेही उलटाच सल्ला मिळतो. ‘आपल्या रँकला केईएम मिळणार नाही, भरून वाया घालवू नको.’ तिथे मुलाखत नाही, फक्त रँक. यंत्रणा रँकच्या क्रमाने प्रत्येकाच्या यादीत वरून खाली येते आणि पहिली मोकळी जागा देते. वर स्वप्न लिहिल्याने खालचं वास्तव हातचं जात नाही. नुकसान होतं ते यादीच्या तळाशी: जिथे जायचंच नाही ते नाव ‘असू दे’ म्हणून लिहिलं आणि नंतरच्या फेरीत तेच लागलं की अनामत रकमेवर पाणी. मॅचमध्ये तर निकाल बंधनकारकच असतो. तेव्हा यादी संपते कुठे, तर ‘इथे गेलो नाही तरी चालेल, वर्ष वाया गेलं तरी चालेल’ हे जिथे खरं वाटू लागतं तिथे.

यादी फुकट आहे; मुलाखत फुकट नाही. २०२० पूर्वी तर उमेदवार पर्यटक व्हिसावर तीन-तीन महिने तिकडे राहत, न्यू जर्सीतल्या मावशीचा सोफा हेच मुख्यालय, आणि रात्रीच्या बसने शहरं पालथी घालत. त्या काळी प्रत्येक मुलाखतीला तिकिटाची किंमत होती, म्हणून निवड आपोआप होई. कोविडनंतर मुलाखती बव्हंशी ऑनलाइन झाल्या, आणि लोकांना वाटलं की खर्च शून्यावर आला. फर्दापूरच्या त्या खोलीत बसलं की तो शून्य नाही हे कळतं. आदल्या रात्री तिथल्या रेसिडेंटांबरोबर अनौपचारिक गप्पा, दुसऱ्या दिवशी प्रोग्राम डायरेक्टरचं प्रास्ताविक, मग एकामागून एक चार-पाच प्राध्यापक, प्रत्येकी पंधरा-वीस मिनिटं. कॅलिफोर्नियाची असेल तर उठेपर्यंत मध्यरात्र उलटते. बाहेर घाट उतरून आलेल्या ट्रकांचे हॉर्न, आत इन्व्हर्टर किती वेळ तग धरेल याची धाकधूक. त्याआधी ते हॉस्पिटल, ते शहर, समोर बसणाऱ्या डॉक्टरांचं संशोधन वाचायचं. हे एका आठवड्यात चार वेळा केलं की पाचव्या वेळी त्या पोराने ओहायोच्या हॉस्पिटलात मिशिगनचं कौतुक केलं. हसून निभावलं गेलं, पण ते ओहायो त्याच्या पसंतीत तिसरं होतं.

सगळी बोलावणी स्वीकारण्याची ही खरी किंमत आहे. सतरावी मुलाखत स्वतः काही बिघडवत नाही, पण तिच्यामुळे आदल्या किंवा दुसऱ्या दिवशीची तिसऱ्या पसंतीची मुलाखत बिघडू शकते. आणि किंमत दुसऱ्यालाही पडते. ऑनलाइनच्या पहिल्याच हंगामात तिकडच्या मेडिकल कॉलेजांच्या संघटनेला खुलं पत्र काढून तगड्या उमेदवारांना विनवावं लागलं की जास्तीच्या मुलाखती सोडा, कारण मोजक्या लोकांनी त्या अडवून ठेवल्या होत्या. त्या रांगेत मागे उभा असतो तो बहुधा नांदेडचा नाही तर अकोल्याचा कुणीतरी, पाच टक्केवाला. ‘आपण आपलं बघावं’ असं कुणी म्हणेल. म्हणो, पण आपल्या फायद्याचं काही नसताना दुसऱ्याचं अडवणं याला आपलं बघणंही म्हणत नाहीत.

मग सोडायच्या कोणत्या? आकड्याच्या आधी व्हिसा बघायचा, आणि हे सांगायला संख्याशास्त्री लागत नाही. काही हॉस्पिटलं फक्त जे-१ देतात, काही एच-१बी देतात, काही काहीच देत नाहीत. सप्टेंबर २०२५ मध्ये नव्या एच-१बी अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क लावण्याचा आदेश निघाल्यापासून तर हे पहिल्याच ईमेलमध्ये विचारून घ्यायला हवं. जिथून व्हिसाच मिळणार नाही तिथली मुलाखत संख्येत धरूच नये. तक्त्यावर सतरा दिसतात आणि खऱ्या तेराच असतात, असं सर्रास होतं.

उरलेल्यांत स्वतःला विचारायचं की मी ३५ वाला की ५ वाला. बोलावण्यांची संख्या याचं अर्धं उत्तर देते: कागदावर तुम्ही किती वजनदार आहात ते तिच्यातून कळतं. बोलण्यात काय आहात ते कळत नाही. त्यासाठी तिसऱ्या-चौथ्या मुलाखतीनंतर एखाद्या स्पष्टवक्त्या माणसासमोर सराव मुलाखत द्यावी, आणि तो माणूस मामा नसावा. त्यातून ५ चे १० झाले, तर बारा मुलाखतींतलं यश ४६ वरून ७२ टक्क्यांवर जातं. आठ जादा मुलाखतींनी ते ६४ वर जात होतं. एका संध्याकाळची सराव मुलाखत आठ मुलाखतींहून भारी पडते, आणि नेमकी हीच कुणी देत नाही.

दुकानदार बापाचा शेवटचा आक्षेप मात्र मला सगळ्यांत चोख वाटला. म्हणाले, “आणि सोडलेलीच लागणारी असली तर?” त्याचंही उत्तर निघतं. सोळावी मुलाखत उपयोगी पडायला आधी वरच्या पंधराही हुकाव्या लागतात आणि मग ती लागावी लागते. ३५ वाल्यासाठी ही शक्यता सुमारे अठराशेत एक. ५ वाल्यासाठी त्रेचाळीसात एक. त्यांच्या मुलाकडे पंधरा चांगल्या, व्हिसा देणाऱ्या मुलाखती होत्या. सराव मुलाखतीत तो अडखळला नव्हता. मी दोन्ही आकडे कागदावर लिहून दिले. त्यांनी अठराशेखाली रेघ ओढली, थोडा वेळ बघितलं आणि पोराला म्हणाले, “कॅन्सल करायची तर आजच कर. महिनाभर आधी कळवलं तर दुसऱ्या कुणाला बोलावतील ते.” एक त्याने त्याच रात्री सोडली. दुसरी ठेवली, ते हॉस्पिटल त्याच्या बहिणीच्या घरापासून वीस मिनिटांवर होतं, आणि हे कारण माझ्या कुठल्याच सूत्रात बसत नसलं तरी मी त्यावर वाद घातला नाही.