शोध आणि शहानिशा



एका कागदासाठी गावोगाव हिंडण्याचा काळ फार मागे पडलेला नाही. इतिहासाचार्य राजवाडे यांनी दप्तरांच्या शोधात महाराष्ट्र पायांखाली घातला आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड काढला. जुन्या ग्रंथांची पाने आज घरबसल्या पडद्यावर दिसतात. पायपीट वाचली, शहानिशाही वाचली काय?

१९९० साली माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात ॲलन एमटेज यांनी ‘आर्ची’ नावाचे शोधयंत्र रचले. ते फायलींची केवळ नावे शोधी. आतील मजकुराचा त्याला पत्ता नसे. पुढे लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन यांनी १९९८ साली ‘गूगल’ स्थापिले. ज्या पानाकडे इतर पाने, विशेषतः वजनदार पाने, बोट दाखवितात त्याला वरचे स्थान द्यावे, ही त्यांची युक्ती. ती फलदायी ठरली. परंतु तिने मोजली ती प्रतिष्ठा, सत्य नव्हे.

प्रतिष्ठा कशी चकविते ते पाहा. ग्रँट डफच्या १८२६ च्या ग्रंथात शिवाजी महाराजांचे जन्मसाल १६२७ दिले आहे, आणि पुढील कित्येक ग्रंथांनी तेच गिरविले. नंतर जेधे घराण्याच्या दप्तरातील शकावली लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्धीस आणली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३० ही तिथी आहे. महाराजांच्या समकालीन परमानंदाच्या ‘शिवभारता’तही तीच तिथी आढळते. १६७४ साली राज्याभिषेकाच्या वेळी महाराज ४७ वर्षांचे नव्हते, ४४ वर्षांचे होते, हे त्यामुळे ठरले. केवळ ग्रंथांची डोकी मोजली असती, तर १६२७ हेच साल कायम राहिले असते.

आज शोधयंत्राला ‘शिवजन्म १६२७’ असे विचारले, तर ते त्या सालाचीच पाने पुढे करील. ‘१६३०’ घालून विचारले, तर त्या सालाची. यंत्र आपल्याच शब्दांमागून चालते. म्हणून तरुण अभ्यासकांना माझे सांगणे एवढेच: प्रश्नात उत्तर घालू नका. विरुद्ध मताचाही शोध घ्या. दहा पाने एकच गोष्ट सांगत असतील, तर ती दहांनी स्वतंत्रपणे पाहिली की एकाचीच नक्कल नऊंनी केली, हे तपासा. आणि मूळ कागद कोणाचा, कोणत्या काळचा, हे कळल्यावाचून लेखणी उचलू नका. राजवाड्यांची पायपीट आपल्याला माफ झाली आहे. त्यांची चिकित्सा माफ झालेली नाही.